बॅटरीवर संशय, दोष बेअरिंगचा: त्रिमूर्तीनगरच्या एका रोबो व्हॅक्यूमचं प्रकरण

नागपुरात एप्रिल-मे म्हणजे माझ्या दुकानात कूलरचे पंप, कूलरच्या मोटरी आणि जळलेले मिक्सर यांचीच रांग. रोबो व्हॅक्यूम क्वचित येतो, आणि आलाच तर बहुतेक वेळा ब्रशला केस गुंडाळलेले असतात. कात्री लावली की काम संपतं. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं, कारण इथे तक्रारी तीन होत्या, तिन्हींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नव्हता, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं बॅटरी बदलायला सांगितली होती. बॅटरी बदलली असती तर साडेचार हजारांच्या घरात खर्च आला असता आणि रोबो होता तसाच राहिला असता.

ग्राहक त्रिमूर्तीनगरच्या एक काकू. घरीच साड्यांना फॉल-पिको करतात, ब्लाउज शिवतात. मुलगा पुण्याला नोकरीला. आईच्या कमरेचं दुखणं वाढलं तेव्हा त्यानं रोबो पाठवून दिला. तो दोनेक वर्षं नीट चालला. अक्षय्य तृतीयेच्या आसपास लग्नसराईचं काम वाढलं आणि तिथून कुरबुरी सुरू झाल्या.

तक्रार, त्यांच्याच शब्दांत

“भाऊ, आधी अख्खं घर झाडून जाग्यावर येऊन बसायचा. आता समोरची खोली झाली का घरी पळून राहिला. आणि आवाज तर असा, जसं काही घरात मिक्सर चालू आहे. मधातच थांबून म्हणते, ब्रश साफ करा. मी रोज साफ करून राहिली ना जी, अजून किती करू?”

या बोलण्यात तिन्ही तक्रारी आहेत: चार्ज लवकर संपतो, पंख्याचा आवाज वाढला, मेन ब्रश अडकल्याची सूचना येते. सर्व्हिस सेंटरनं पहिली तक्रार उचलली आणि बाकीच्या दोन सोडून दिल्या. त्यांचा अंदाज अगदीच हवेतला होता असं मी म्हणणार नाही. दोन वर्षं जुनी लिथियम-आयन बॅटरी आणि नागपूरचा उन्हाळा म्हटल्यावर कोणाच्याही मनात बॅटरीच येईल. या बॅटऱ्यांना 45 अंश सेल्सिअसच्या वर चार्जिंग मानवत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरचा पाराच तिथे पोचतो. पण काकूंच्या घरी चार्जिंगचा डॉक कूलरच्या वाऱ्यात, आतल्या भिंतीला होता. तिथे बॅटरी तापत असण्याची शक्यता कमी.

मला जास्त महत्त्वाचा वाटला तो आवाज. बॅटरी म्हातारी झाली तर पंखा जोरात का फिरेल? झाला तर हळूच होईल. इथे पंखा कोणीतरी सांगितल्यासारखा पूर्ण ताकदीनं फिरत होता.

पंख्याला कोण सांगत होतं

रोबो गालिच्यावर चढला की सक्शन आपोआप वाढवतो, ही सोय आता पुष्कळ मॉडेलांत आहे. गालिचा ओळखण्याच्या दोन पद्धती आहेत. काहींमध्ये खाली वेगळा अल्ट्रासॉनिक सेन्सर असतो, तो फरशी आणि गालिचा यांतून परतणाऱ्या आवाजातला फरक ओळखतो. काहींमध्ये असा सेन्सरच नसतो. तिथे ब्रशच्या मोटरचा करंट पाहून ठरवलं जातं. गालिच्यात ब्रश घासतो, मोटरवर भार येतो, करंट वाढतो, आणि आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड समजतो की आता गालिचा आला, पंखा वाढवा. हा रोबो दुसऱ्या जातीचा होता.

काकूंच्या घरात गालिचा नाहीच. सगळीकडे विट्रिफाइड टाइल्स. म्हणजे ब्रशवर कुठून तरी भार येत होता आणि रोबो सपाट फरशीला गालिचा समजून घरभर सक्शन वाढवून फिरत होता. भार अजून वाढला की तोच बोर्ड मोटर जळू नये म्हणून ब्रश थांबवायचा आणि “ब्रश साफ करा” म्हणायचा. तिन्ही तक्रारी एका तारेत आल्या.

हे तपासायला पेचकसही लागला नाही. काकूंच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये गालिच्यासाठी सक्शन वाढवण्याची सोय बंद केली आणि रोबोला दुकानातच सोडला. पंख्याचा आवाज ताबडतोब खाली आला. ब्रश मात्र थोड्या वेळानं अडकला तो अडकलाच. कुणाचा रोबो अचानक गोंगाट करू लागला असेल आणि घरात गालिचा नसेल, तर दुरुस्तीवाल्याकडे जाण्याआधी ही एक गोष्ट जरूर करून बघा. फुकट आहे.

त्याच अ‍ॅपमध्ये जुन्या सफाईच्या नोंदी होत्या. घर तेवढंच, चौरस मीटर तेवढेच, पण मार्चपर्यंत एका फेरीत काम व्हायचं आणि एप्रिलच्या अखेरीपासून मध्येच चार्जिंगला परतून पुन्हा निघाल्याच्या नोंदी. बॅटरी खराब होते तेव्हा साधारणपणे ती हळूहळू, महिनोन्‌महिने घसरत जाते. इथे महिन्याभरातच चित्र बदललं होतं. ग्राहक फोन घेऊन आला असेल तर या नोंदी मी मल्टिमीटरच्याही आधी बघतो. लोक जे सांगायला विसरतात ते तिथे तारखेसकट पडलेलं असतं.

रोज साफ करूनही

काकूंचा “रोज साफ करते” हा दावा खरा होता. रोलर, म्हणजे तोच मेन ब्रश, काढून पाहिला तर मधला भाग स्वच्छ. टाके उसवायची दुहेरी टोकाची सुई असते ना, ती लावून त्यांनी केस आणि दोरे कापून काढले होते. ब्रशचे काही तंतूही त्या नादात गेले होते, पण त्यानं फार बिघडत नाही.

अडचण टोकाला होती. रोलरवर तंतू आणि रबराच्या पट्ट्या तिरप्या, मध्यापासून दोन्हीकडे चढत जाणाऱ्या रेषेत बसवलेल्या असतात, म्हणजे कचरा मध्याकडे, सक्शनच्या तोंडाशी ढकलला जावा. कचरा जातोही. लांब केस आणि दोरा मात्र जात नाही. तो ताणून गुंडाळला जातो आणि फिरता फिरता जिथे तंतू नाहीत, जाडी कमी आहे, अशा जागी सरकतो. ती जागा म्हणजे टोकं. एका टोकाला चौकोनी खुंटी असते, ती गिअरबॉक्समध्ये बसते. दुसऱ्या टोकाला प्लास्टिकची टोपी. तिच्या आत छोटं बेअरिंग, आणि त्यात रोलरची स्टीलची पिन.

ही टोपी बहुतेक मॉडेलांत हातानं ओढून निघते. साफ करायची म्हणूनच तशी केलेली असते. पण ते पुस्तिकेतल्या एका बारीक चित्रात असतं आणि पुस्तिका खोक्यातच राहते. काकूंना टोपी निघते हेच माहीत नव्हतं. मी ओढून बघितली तर माझ्याच्यानेही निघेना.

एका हातात टोपी धरून दुसऱ्या हातानं रोलर फिरवला. चांगला रोलर एका टिचकीत दोन-तीन गिरक्या घेतो. हा टोपीलाच सोबत घेऊन फिरत होता. बेअरिंग जाम.

तरी खात्रीसाठी ब्रशचं मॉड्यूल बाहेर काढून बेंच सप्लायवर (हवे तेवढे व्होल्ट देणारा आणि करंट दाखवणारा दुकानातला वीजपुरवठा) 14.4 व्होल्ट देऊन चालवलं. रोलर न लावता करंट पाव अँपिअरच्या आसपास. म्हणजे मोटर आणि गिअरबॉक्स ठीक. रोलर लावल्यावर 0.9 अँपिअर, आणि तो आकडा तिथे थांबेना, टोपी गरम होईल तसा वर सरकत होता. डीसी मोटरमध्ये करंट हा सरळ भाराचा आरसा असतो, त्यामुळे यापुढे शंका घ्यायला जागा उरली नाही.

टोपीच्या आत

टोपी काढायला हेअर ड्रायरची थोडी ऊब द्यावी लागली, मग कडेनं पातळ पाती घालून हळूहळू उचलली. आत जे निघालं ते भिंगाखाली बघण्यासारखं होतं.

सर्वांत बाहेर केस, काळे-पांढरे. त्याखाली शिलाईचा दोरा: लाल, राणी कलर, मोरपंखी, बॉटल ग्रीन. त्या महिन्यात कोणत्या रंगाच्या साड्या येऊन गेल्या ते थरांवरून सांगता आलं असतं. मधून जरीचे चमकते तुकडे. आजकालची साधी जर म्हणजे बहुतेक धातूचा लेप दिलेली पॉलिएस्टरची फीत, तिची कड धारदार असते आणि ती बाकीच्या दोऱ्याला घट्ट आवळून धरते. या सगळ्याच्या तळाशी, बेअरिंगला चिकटून, एक राखाडी, चिकट लेप. बोटावर घेतला तर रवाळ.

तो लेप म्हणजे तेल आणि धूळ. काकूंना विचारलं, कधी तेल सोडलं होतं का? “हो तं. चूं चूं करून राहिला होता, म्हणून मशीनचं तेल टाकलं. आपल्या मशीनला तर तेच टाकतो ना.”

शिलाई मशीनला ते तेल बरोबरच आहे. तिथले सांधे उघडे असतात, तेल पातळ असतं, आत जातं आणि जुना मळ घेऊन बाहेर येतं. वर पुसून घेता येतो. रोबोच्या बेअरिंगमध्ये आधीच ग्रीस भरलेलं असतं. पातळ तेलानं ते ग्रीस विरघळून बाहेर आलं, आणि ओल्या जागी फरशीवरची धूळ येऊन बसली. उन्हाळ्यात या धुळीत कूलरच्या ताट्यांच्या गवताचा चुराही असतो. चूं चूं दोन दिवस थांबली असेल. त्यानंतर बेअरिंगच्या गोळ्या त्या लेपात रुतल्या. डब्ल्यूडी-40 मारणाऱ्यांच्या बाबतीतही मी हेच होताना पाहिलं आहे. तो फवारा गंज सोडवायला उत्तम, बेअरिंगचं वंगण म्हणून नाही.

बेअरिंग जाम झालं तरी मोटर रोलर फिरवतच राहते. मग घसरण दुसरीकडे होते, जिथे पकड कमी तिथे. इथे बेअरिंगची बाहेरची कडी टोपीच्या प्लास्टिकमध्ये घसरत होती. या टोप्या एबीएस प्लास्टिकच्या, आणि एबीएस साधारण 105 अंशांना मऊ पडायला लागतं. पॉलिएस्टरचा दोरा वितळायला 250 अंशांच्या वर जावं लागतं. म्हणून दोरे शाबूत राहिले आणि टोपी आतून मऊ होऊन पुन्हा गोठली. खाचेच्या भिंतीवर काचेसारखी तुळतुळीत कडी तयार झाली होती आणि त्या कडीत दोरे गाडले गेले होते. टोपी ओढून निघत नव्हती ती याच कारणानं. रोजच्या सफाईनं हे कधीच निघालं नसतं.

दुरुस्ती

सरळ नवा रोलर का नाही? तो मागवलाच, पण यायला वेळ होता आणि लग्नाच्या साड्या थांबत नाहीत. शिवाय ऑनलाइन मिळणाऱ्या जुळत्या रोलरांबद्दल माझं मत फार चांगलं नाही. काही मिलिमीटरभर लांब निघतात, टोकं घासतात, आणि नव्या रोलरनं पुन्हा तोच करंट वाढतो. ग्राहक मग म्हणतो की रोलर बदलूनही फरक पडला नाही, म्हणजे मोटरच गेली.

जुनं बेअरिंग व्हर्निअरनं मोजलं: आतून 4, बाहेरून 13, जाडी 5 मिलिमीटर. हा 624 नंबर, अगदी सर्रास मिळणारा. थ्रीडी प्रिंटरमध्येही हाच वापरतात. सीए रोडवर बेअरिंगच्या दुकानात डबीतून काढून देतात, किंमत एका प्लेट तर्री पोह्याच्या आगेमागे. इथे फक्त शेवटची अक्षरं बघून घ्यायची. जुनं होतं झेडझेड, म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. पत्रा आणि आतली कडी यांच्यात बारीक फट असते, तिथून तेल गेलं आणि मागोमाग धूळ. मी बसवलं टूआरएस, रबरी सीलचं. ते हाताला किंचित जड फिरतं, पण धूळ आत घेत नाही. फरशीपासून बोटभर उंचीवर फिरणाऱ्या भागात मुळात हेच द्यायला हवं होतं. एका बेअरिंगमागे कंपनीचे किती पैसे वाचले असतील देव जाणे.

बेअरिंग मिळणं सोपं होतं, बसवणं अवघड. खाच लंबगोल झाली होती, नवं बेअरिंग तिच्यात डुगडुगत होतं. तसंच बसवलं असतं तर महिन्याभरात पुन्हा घसरलं असतं. तुळतुळीत कडी ब्लेडनं खरवडून काढली, खाच स्पिरिटनं पुसली, भिंतीला दोन भागांच्या इपॉक्सीचा पातळ हात दिला. बेअरिंग आधी रोलरच्या पिनवर चढवलं आणि मग टोपी त्याच्यावर बसवली, म्हणजे इपॉक्सी घट्ट होताना बेअरिंग पिनच्या रेषेतच राहील. इपॉक्सी सीलवर येऊ नये म्हणून कडेला अगदी थोडं ग्रीस लावून ठेवलं होतं. रात्रभर तसंच राहू दिलं. घाई करणाऱ्यांचं बेअरिंग इथेच तिरपं बसतं.

टोपी आणि रोलर यांच्यामध्ये पातळ नायलॉनचा वॉशर घातला. दोरा सरकत आला तर आधी त्याच्यावर गुंडाळला जाईल, बाहेरून दिसेल आणि कापता येईल. हा माझा जुगाड आहे, कंपनीच्या आराखड्यात नाही.

गिअरबॉक्सकडची बाजू पाहिली. चौकोनी खाचेत थोडे केस होते, ते चिमट्यानं काढले. बाकी ठीक.

मोजमाप

पुन्हा सप्लायवर: रोलरसकट 0.35 अँपिअर, आणि बराच वेळ चालवूनही तिथेच स्थिर. टोपी हाताला गार.

आता बॅटरीचा हिशेब. जाम रोलर आणि दुरुस्त रोलर यांच्यात फरक पडला 0.55 अँपिअरचा, म्हणजे 14.4 व्होल्टला सुमारे 8 वॅट. बॅटरीवर 5200 एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे तिची साठवण) लिहिलेलं, म्हणजे तिच्यात जेमतेम 75 वॅट-तास. तासाभराच्या सफाईत एकटा ब्रश साधारण दहावा हिस्सा जास्तीचा खाईल. एवढ्यानं रोबो एका खोलीत दमत नाही. बाकीचा चार्ज पंखा खात होता, नसलेल्या गालिच्यासाठी. ब्रशचा दोष छोटा होता, पण बोर्ड त्याच्यावर विश्वास ठेवून मोठा खर्च करत होता.

काकूंच्या मुलाला फोनवर हे पटेना. “काका, सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले की बॅटरी 40 टक्क्यांवर आली आहे.” कशानं मोजली, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्याकडे रिमोटच्या विमानांसाठी वापरतात तसा हॉबी चार्जर आहे, तो बॅटरी रिकामी करताना किती एमएएच निघाले ते मोजतो. पूर्ण चार्ज करून लावली: 4400 निघाले. 5200 च्या मानानं 85 टक्के. दोन नागपुरी उन्हाळे काढलेल्या बॅटरीला मी यापेक्षा जास्त मागणार नाही. आकड्याचा फोटो मुलाला पाठवला. त्यानं बॅटरीची ऑर्डर रद्द केली.

घरी गेल्यावर

रोबो परत नेताना काकूंना टोपी काढून दाखवली, त्यांच्याच हातून दोनदा काढून घेतली. आठवड्यातून एकदा टोपी ओढायची, वॉशरवरचा दोरा उसवायच्या सुईनं कापायचा, पुसायचं, परत दाबायची. तेल कसलंच नाही, खोबरेल तर नाहीच.

मशीनच्या टेबलाभोवती अ‍ॅपमध्ये नो-गो झोन, म्हणजे रोबोनं जायचंच नाही अशी जागा, आखून देतो म्हटलं, तर त्या हसल्या. “अहो भाऊ, सगळा कचरा तर तिथंच राहते. तिथं नाही गेला तर मंग त्याले पोसायचं कशाले?” मुद्दा बिनतोड होता. शेवटी असं ठरलं की रोबो सोडायच्या आधी मशीनखालचे लांब दोरे त्या केरसुणीनं एका बाजूला ओढतील. फॉलची कात्रणं, धूळ, केस, ते रोबोनं उचलावं. बॉबीनवरून सुटलेला हातभर लांब दोरा मात्र कोणत्याच रोलरला पचत नाही, मग तो तंतूंचा असो की नुसत्या रबराचा. रबरी रोलरांवर केस कमी गुंडाळतात हे खरं. टोकाची गोष्ट तिथेही तशीच राहते.

गालिच्याची सोय अ‍ॅपमध्ये बंदच ठेवली. घरात गालिचा नाही, तर ती चालू ठेवून उपयोग काय? पण ती बंद ठेवण्याचा एक तोटा आहे, तो काकूंना सांगून ठेवला: आता ब्रश जड झाला तर पंखा ओरडून सांगणार नाही, थेट अडकल्याची सूचनाच येईल. म्हणून टोपी आठवड्याला काढायचीच.

मागवलेला नवा रोलर नंतर आला. लांबी बरोबर निघाली, बेअरिंग मात्र पुन्हा झेडझेड. तो तसाच खोक्यात ठेवायला सांगितला आहे. वापरायची वेळ आली की आधी दुकानात आणून बेअरिंग बदलून घ्यायचं.

एक गोष्ट मी मुद्दाम तशीच सोडली. जाम रोलर फिरवण्याच्या नादात गिअरबॉक्समधल्या चौकोनी खाचेचे कोपरे थोडे गोलावले आहेत. ब्रश सुरू होताना एक बारीक “टक” येतो. ती खाच बदलायची तर गिअरबॉक्स फोडावा लागतो, आणि त्याची दोन अर्धुकं स्क्रूची नाहीत, कारखान्यातच वेल्ड केलेली आहेत. फोडला तर पूर्ण मॉड्यूलच घ्यावं लागेल. करंट स्थिर आहे, रोलर घसरत नाही. तो टक सुरुवातीला एकदाच येतो तोवर चालू द्या, चालता चालता येऊ लागला तर घेऊन या, असं सांगून बिलावर तेवढं लिहून दिलं.